दारातलं कुत्रं आणि घरातलं कुत्रं

धुणं, भांडी, शेळ्यांचा चारा, हातात जे काम असेल ते चालू ठेवा आणि ऐका. आज मी बचत, कर्ज, व्याज यातलं काहीच बोलणार नाही. आज कुत्र्याबद्दल बोलायचं आहे.

हसू नका. मागे एका गटाच्या बैठकीत विषय काढला तेव्हा तिथल्याही हसल्याच होत्या. मी विचारलं, "कुत्रं कोणाकोणाकडे आहे?" तेरा जणी बसल्या होत्या, चार हात वर आले. मग विचारलं, "दारात कुत्रं कोणाच्या असतं? भाकरतुकडा कोण टाकतं?" तेराच्या तेरा हात वर. शेवटी विचारलं, "त्याला रेबीजची लस कोणी टोचून घेतली आहे?" एक हात वर आला, तोही अर्धाच. कारण लस टोचली होती, पण कोणत्या वर्षी ते त्या बाईंना आठवत नव्हतं.

मला आज जे सांगायचं आहे ते या तीन प्रश्नांतच आलं. आपल्या दारात कुत्रं असतं, पण घरात नसतं. भाकर टाकणं वेगळं आणि पाळणं वेगळं. भाकर टाकली म्हणून आपल्या दिवसात काही फरक पडत नाही. पाळलं की उठण्याची वेळ बदलते, स्वयंपाक बदलतो, गावाला जाणं बदलतं, खर्च बदलतो. कोणाचं आयुष्य त्याने सावरतं, तर कोणावर एक काम वाढतं. दोन्ही मी पाहिलं आहे. म्हणून दोन्ही सांगते.

मावशींची राणी

आमच्या एका गटात एक मावशी आहेत. त्यांचं नाव सांगत नाही, त्यांना आवडणार नाही. मळ्यात वस्तीवर राहतात. मालक वारले, दोन्ही मुलं नोकरीसाठी बाहेर. मालक गेल्यावर मावशींनी बैठकीला येणं सोडलं. बचतीचे पैसे शेजारणीकडे पाठवायच्या. मी एकदा घरी गेले तर दुपारचे बारा वाजले होते आणि चूल पेटलेली नव्हती. सकाळचं काय खाल्लं विचारलं तर म्हणाल्या, "कालची भाकर होती की." एकटं माणूस स्वतःसाठी स्वयंपाक करत नाही, हे आपल्यापैकी पुष्कळ जणींना माहीत आहे.

पावसाळ्यात त्यांच्या कडब्याच्या गंजीखाली एक पिल्लू येऊन बसलं. मादी होती. मादी पिल्लं कशी येतात ते वेगळं सांगायला नको. नर असेल तर कोणीतरी उचलतं. मादी असेल तर पोत्यात घालून वेशीबाहेर, नाहीतर पाटाच्या कडेला सोडून देतात. शिवी द्यायलासुद्धा आपल्याकडे मादीचंच नाव वापरतात. मावशी मला म्हणाल्या, "ताई, पोरगी म्हणून टाकली हिला. मी जन्मले तेव्हा आमच्याही घरात रडारड झाली होती म्हणतात. मग मी हिला कुठं हाकलू?" तिचं नाव त्यांनी राणी ठेवलं.

त्यानंतर काय काय बदललं, ते मी नीट पाहिलं आहे. पिल्लाला शिळं दिलं की ते ओकायचं. म्हणून मावशी सकाळी ताजी भाकर करू लागल्या. तवा तापलाच आहे तर स्वतःसाठी दोन टाकू लागल्या. राणी पहाटे दार खरवडायची, तिला बाहेर न्यावं लागायचं. म्हणून मावशी पहाटे बंधाऱ्यापर्यंत जाऊन येऊ लागल्या. आधी गुडघे दुखतात म्हणून अंगणाबाहेर पडत नव्हत्या. गुडघे आजही दुखतात, पण चालणं थांबलेलं नाही. वाटेत दूध घालायला जाणारे थांबतात, कुत्रीची चौकशी करतात, मग मावशींची करतात. शाळेतली पोरं राणीला बघायला अंगणात येतात. पूर्वी आठवडा-आठवडा ज्या घरात कोणाचा आवाज नव्हता, तिथे आता मावशींचा ओरडण्याचा आवाज येतो, "राणे, कोंबडीला सोड!"

आणि आता त्या बैठकीला येतात. राणी बाहेर चपलांपाशी बसते.

मी डॉक्टर नाही. कुत्र्याने एकटेपणाचा आजार बरा होतो असं मी म्हणणार नाही. पण यामागे काही कारणं आहेत, ती समजून घेऊ. पहिलं कारण वेळेचं. कुत्र्याला सुट्टी नसते. त्याची भूक ठरल्या वेळी लागते, त्यामुळे आपल्यालाही ठरल्या वेळी उठावं लागतं. दुसरं कारण चालण्याचं. तिसरं जरा नवल वाटेल असं आहे. म्हशीला पान्हवायला काही लोक चोरून जे इंजेक्शन देतात, ते ऑक्सिटोसिन तुम्हाला माहीत आहे. तेच द्रव्य आपल्या शरीरात आपोआप तयार होतं. बाळ अंगावर पितं तेव्हा ते वाढतं. जपानमधल्या संशोधकांनी २०१५ साली दाखवून दिलं की कुत्रं आणि त्याचं माणूस एकमेकांच्या डोळ्यांत पाहत बसले की दोघांच्याही शरीरात हे द्रव्य वाढतं. म्हणजे मावशी राणीला मांडीवर घेऊन बसतात तेव्हा त्यांना जे बरं वाटतं, ते नुसतं मनाचं समाधान नाही. शरीरातही काहीतरी घडत असतं.

आता दुसरी बाजू. मावशी दिवाळीला मुलीकडे चार दिवस राहायच्या. गेल्या वर्षी एकच रात्र राहिल्या, कारण राणीला कोण बघणार? राणीने शेजारच्या जावेची अंडी फोडली, त्यावरून महिनाभर बोलणं बंद होतं. आणि पिठाचा हिशेब आम्ही बैठकीतच केला. एका भाकरीला साधारण १०० ग्रॅम पीठ धरलं, तर रोजच्या तीन भाकरींना महिन्याला ९ किलो पीठ लागतं. मावशी म्हणाल्या, "लागू द्या." पण हे उत्तर प्रत्येकीला परवडेलच असं नाही.

आमच्या घरातले दहा दिवस

आता माझ्या घरचं सांगते. सांगायला लाज वाटते, पण सांगायला हवं.

माझ्या मुलाने मित्राकडून पिल्लू आणलं. मोत्या. मी म्हटलं, राहू दे, कोपऱ्यात पडून राहील. भाकर टाकायचो, पाणी ठेवायचो, झालं. मी दिवसभर गावोगाव फिरून बायकांना सांगते की नोंदी ठेवा, शेळीला लस टोचा, गाईचा विमा काढा. माझ्या घरातल्या कुत्र्याची कसलीच नोंद नव्हती. आज नेते, उद्या नेते म्हणत सात महिने गेले.

एका संध्याकाळी मोत्या खात होता आणि माझ्या सहा वर्षांच्या मुलीने त्याचं ताट ओढलं. तो तिच्या हाताला चावला. रक्त आलं. मी घरी पोहोचेपर्यंत सासूबाईंनी जखमेवर हळद आणि चुना दाबला होता. त्यांचा दोष नाही, त्यांच्या आईने त्यांना तेच शिकवलं होतं. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "जखम साबणाने धुतली का?" दुसरा विचारला, "कुत्र्याला लस दिली आहे का?" दोन्ही प्रश्नांना माझं उत्तर नाही हेच होतं.

त्यांनी हळद-चुना काढून जखम पुन्हा धुवायला लावली. रक्त आलेलं असल्यामुळे जखमेत वेगळं इंजेक्शन दिलं आणि लस सुरू केली. पहिली त्याच दिवशी. मग तिथून ३ दिवसांनी, ७ दिवसांनी आणि २८ दिवसांनी. दंडात, अगदी थोडीशी. पोटात चौदा इंजेक्शनं देतात ही भीती अजून आपल्या डोक्यात आहे, पण ती पद्धत केव्हाच बंद झाली. सरकारी दवाखान्यात ही लस मोफत मिळते. मग डॉक्टर म्हणाले, "कुत्र्याला मारू नका, सोडून देऊ नका. बांधून ठेवा आणि दहा दिवस लक्ष ठेवा."

हे दहा दिवस का, ते समजून घ्या. रेबीजचा विषाणू कुत्र्याच्या लाळेतून पसरतो. चावताना कुत्र्याच्या लाळेत तो असेल, तर कुत्रं दहा दिवसांच्या आत आजारी पडतं आणि मरतं. दहा दिवस कुत्रं धडधाकट राहिलं, तर चावलं त्या वेळी त्याच्या लाळेत रेबीज नव्हता. पण लस मात्र दहा दिवसांची वाट बघत थांबत नाही, ती पहिल्याच दिवशी सुरू करायची. माणसात एकदा रेबीजची लक्षणं दिसू लागली की त्यावर इलाज नाही. माणूस वाचत नाही असंच समजा. लक्षणं दिसण्याआधी मात्र जखम धुऊन वेळेवर आणि पूर्ण लस घेतली तर हा रोग टाळता येतो. सगळं त्या वेळेवर आहे.

ते दहा दिवस मी रात्री उठून बॅटरी घेऊन मोत्याकडे जायचे. पाणी प्यायला का? लाळ गळते का? आवाज बदलला का? एकदा त्याने दुपारची भाकर खाल्ली नाही, तर माझ्या हातापायांतलं बळ गेलं. संध्याकाळी खाल्ली. माझी मुलगी शेजारी उभी राहून विचारायची, "आई, मोत्याला बरं नाही का?" तिला काय सांगू?

अकरावा दिवस उजाडला, मोत्या शेपूट हलवत उभा होता. मुलीचे सगळे डोस पूर्ण केले. त्याच आठवड्यात मोत्याला पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन लस दिली. त्या दिवसापासून मोत्या आमच्या घरातला झाला. त्याआधी तो फक्त दारातला होता.

एक गोष्ट मला नेहमी आठवते. रेबीजची लस पहिल्यांदा एका माणसाला दिली ती १८८५ साली, पॅरिसमध्ये, लुई पाश्चर यांनी. तो नऊ वर्षांचा मुलगा होता, पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेला. त्याला दूरच्या गावाहून घेऊन कोण गेलं होतं, तर त्याची आई. मुलगा वाचला. त्या आईला एवढा प्रवास करावा लागला. आपल्याला आपल्याच सरकारी दवाखान्यापर्यंत जायचं आहे.

पाळायचं म्हणजे काय काय

गटाची पंचसूत्री आपल्याला पाठ असते. तशीच कुत्र्याचीही पाच कामं लक्षात ठेवा.

पहिलं, लस. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस, पुढचा डोस डॉक्टर सांगतील तेव्हा, आणि मग दरवर्षी. कार्ड मिळतं, ते रेशनकार्डासोबत ठेवा. आणि कोणाचंही कुत्रं चावलं, ओरखडलं, तर वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं जखम धुवा. हळद, चुना, तिखट, तंबाखू काही लावू नका. मग लगेच दवाखाना.

दुसरं, जंत. हे शेळ्या-मेंढ्या असणाऱ्या घरांनी नीट ऐका. जत्रेत बोकड कापतात तेव्हा कधी कलेजीवर किंवा फुप्फुसावर पाण्याने भरलेले फोड दिसतात. ते जंताचे फोड असतात. तो भाग आपण खात नाही आणि कुत्र्यापुढे टाकतो. कुत्र्याच्या आतड्यात तो जंत वाढतो, त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात. ती मातीतून, न धुतलेल्या भाजीतून, कुत्र्याला कुरवाळलेल्या हातातून आपल्या आणि पोरांच्या पोटात जातात. मग तसाच फोड माणसाच्या यकृतात होतो. वाढायला वर्षं लागतात आणि पुष्कळदा ऑपरेशनच करावं लागतं. म्हणून असा भाग खोल पुरा किंवा जाळा, कच्चा कुत्र्याला देऊ नका. मोठ्या कुत्र्याला साधारण दर तीन महिन्यांनी जंताचं औषध द्या, पिल्लांना त्याहून लवकर लवकर लागतं. कुत्र्याला हात लावला की साबणाने हात धुवा. गोचीड झाले म्हणून पिकावर फवारायचं औषध कुत्र्याच्या अंगाला कधीही लावू नका, ते चाटून कुत्रं मरतं.

तिसरं, खाणं. नुसत्या भाकरीवर कुत्रं जगतं, पण धष्टपुष्ट होत नाही. उकडलेलं अंडं, शिजवलेलं मांस, पातळ वरण, यातलं जमेल ते द्या. कांदा, द्राक्षं, मनुके आणि चॉकलेट कुत्र्याला विषारी असतात. द्राक्षाच्या बागेत काम करणाऱ्यांनी तर हे लक्षात ठेवाच. कोंबडीची शिजवलेली हाडं देऊ नका, ती तुटून घशात नाहीतर आतड्यात टोचतात. उन्हाळ्यात सावलीत पाणी भरून ठेवा. आणि कुत्रं खात असताना पोरांना जवळ जाऊ देऊ नका. हा धडा आम्ही फार महाग शिकलो.

चौथं, रात्र. आपल्याकडे समज आहे की कुत्रं असलं की बिबट्या येत नाही. खरं म्हणजे कुत्रं हेच बिबट्याचं खाणं. अकोले तालुक्यात अभ्यासकांनी बिबट्यांची विष्ठा तपासली, तेव्हा वजनाच्या हिशेबाने त्यांच्या खाण्यात सगळ्यांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला, साधारण ३९ टक्के. रात्री ओट्यावर साखळीने बांधलेलं कुत्रं म्हणजे बिबट्याला अंगणात दिलेलं आमंत्रण. आणि त्याच ओट्यावर आपली माणसं झोपतात. ऊस लागून असलेल्या वस्तीवर कुत्र्याला रात्री आत घ्या, दार नसेल तर जाळीचा पक्का खुराडा करा. उष्टं-खरकटं, कोंबड्यांची घाण घराभोवती साठू देऊ नका, त्यावर भटकी कुत्री येतात आणि त्यांच्या मागे बिबट्या.

पाचवं, पिल्लं. कुत्रीला साधारण दोन महिन्यांत पिल्लं होतात आणि वर्षातून दोनदा होऊ शकतात. मग तीच पोती आणि तोच पाट. हे थांबवायचं असेल तर तिचं ऑपरेशन करून घेणं हाच उपाय. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा. राणीचं ऑपरेशन झालं तेव्हा मावशींच्या जावेनेच तिला आठ दिवस सांभाळलं. अंड्यांचं भांडण तिथेच मिटलं.

आधी घरात बोला

आता शेवटची आणि मला सगळ्यांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. आपल्या घरात पिल्लू कोण आणतं? मुलगा, नाहीतर मालक. आणि त्याची घाण कोण काढतं? भाकर कोण करतं? आजारी पडलं तर रात्री कोण उठतं? कुत्रं आल्यावर कोणाची दिनचर्या बदलत असेल तर ती बाईची. म्हणून कुत्रं आणायचं की नाही, हे ठरवताना बाईचं मत आधी घ्यायला हवं. आपल्याला कोणी विचारत नसेल तर आपण होऊन बोलायला हवं.

कर्जाचा अर्ज आला की आपण विचारतो ना, कशासाठी हवं, फेडणार कसं? तसंच इथेही विचारा. सकाळी बाहेर कोण नेणार? लसीला कोण घेऊन जाणार? चार दिवस गावाला गेलो तर कोण बघणार? कुत्रं दहा-बारा वर्षं जगतं, तेवढी वर्षं हे जमेल का? तुम्ही ऊसतोडीला सहा महिने बाहेर जात असाल आणि मागे घरात कोणी राहत नसेल, तर नाही म्हणा. दारात उपाशी सोडून जाण्यापेक्षा न आणलेलं बरं. आमच्या घरी आता मोत्याला सकाळी मुलगा नेतो, संध्याकाळी मालक. जंताच्या औषधाची तारीख मुलगी कॅलेंडरवर लिहिते. हे आपोआप झालं नाही. मला दोनदा रागवावं लागलं.

ज्या बैठकीबद्दल मी सुरुवातीला सांगितलं, त्या गटाने काय केलं ते सांगते आणि थांबते. त्यांनी बैठकीच्या वहीच्या शेवटच्या पानावर वस्तीतल्या कुत्र्यांची यादी केली. कुत्र्याचं नाव, कोणाचं, नर की मादी, लस कधी. ज्यांना कोणी मालक नव्हता, त्या दोन कुत्र्यांसमोर आधी जागा रिकामीच राहिली. मग एकीने सांगितलं, "ते तांबडं माझं लिहा. नाहीतरी रोज माझ्याच दारात असतं." दुसरीने दुसरं घेतलं. पशुसखी ताईंनी दवाखान्यात बोलून एक दिवस ठरवला. डॉक्टर वस्तीवर आले आणि एका सकाळी सगळ्या कुत्र्यांना लस झाली. पकडताना काय गंमत झाली ते पुन्हा कधीतरी सांगेन.

२८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन असतो. त्या सुमाराला पुष्कळ ठिकाणी लसीकरणाची शिबिरं होतात. तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या, वहीचं एक पान त्यासाठी ठेवा आणि तेच तीन प्रश्न विचारा. पहिल्या आणि दुसऱ्या प्रश्नाला किती हात वर आले ते मोजू नका. तिसऱ्याला किती आले, ते मात्र वहीत लिहून ठेवा.